सायप्रसच्या ताटाला राष्ट्रांची फूटपट्टी

सायप्रसच्या आग्नेय टोकाजवळ सोतिरा नावाचे गाव आहे. त्या पट्ट्यातील माती इतकी तांबडी आहे की तिथल्या गावांना ‘तांबडी गावे’ असेच म्हणतात. या मातीत आपल्या अळकुडीचा एक धिप्पाड भाऊबंद पिकतो, त्याचे तिथले नाव कोलोकासी. आपली अळकुडी लिंबाएवढी असली तरी मोठी वाटते. कोलोकासीचा कंद किलो-दोन किलोचाही निघतो. तो सोलल्यावर तिथली गृहिणी धूत नाही, कोरड्या फडक्याने नुसता पुसून घेते. मग सुरीचे टोक कंदात थोडे खुपसून मनगटाला झटका देते आणि तुकडा मोडून काढते, कारण सरळ चिरला किंवा पाणी लागले तर कंद बुळबुळीत होतो आणि रस्सा बिघडतो. अळूच्या फतफत्यात चिंच का घालायची हे ज्या घरात सांगावे लागत नाही, त्या घराला ही युक्ती लगेच कळेल. हे तुकडे पुढे डुकराचे मांस, सेलरी आणि टोमॅटोबरोबर मंद आचेवर शिजतात.

हा पदार्थ ग्रीक म्हणावा की तुर्की? ग्रीसच्या मुख्य भूमीवर हा कंद फारसा कोणी ओळखत नाही, आणि तुर्कस्तानातही दक्षिण किनाऱ्यावरील थोडा भाग सोडला तर तो रोजच्या खाण्यात नाही. मूळचा आपल्या बाजूच्या आशियातील हा कंद इजिप्तच्या वाटेने पूर्व भूमध्य समुद्राकडे गेला आणि सायप्रसमध्ये पक्का मुरला. तरीही सायप्रसच्या स्वयंपाकाविषयी काही वाचायला घ्यावे तर पहिले वाक्य ठरलेले असते: हा ग्रीक आणि तुर्की स्वयंपाकाचा संगम आहे. पाठोपाठ तुलना येते, आणि त्या तुलनेत बेट हमखास हरते. इटली, फ्रान्स, ग्रीस, तुर्कस्तान अशा मोठ्या नावांच्या शेजारी सायप्रस म्हणजे दोन मोठ्या घरांतून आलेल्या वाट्यांवर चाललेला संसार, असे चित्र उभे राहते. माझे म्हणणे असे आहे की या तुलनेत दोष सायप्रसच्या ताटाचा नाही, फूटपट्टीचा आहे. ‘राष्ट्रीय खाद्यसंस्कृती’ हे माप ज्या रीतीने घडले ती रीतच बेटांना लहान ठरवणारी आहे, आणि एखाद्या मुलखाच्या स्वयंपाकाची पारख करायची असेल तर ती पदार्थांच्या मालकीवरून न करता त्या मुलखाने हाताशी असलेल्या जिनसांचे काय केले यावरून केली पाहिजे.

राष्ट्रीय स्वयंपाक आकाशातून पडत नाही. इटलीचे एकीकरण 1861 चे. त्याआधी बोलोन्याचा माणूस बोलोन्याचे जेवत होता आणि नेपल्सचा नेपल्सचे. पेल्लेग्रिनो आर्तुसी या हौशी गृहस्थाने 1891 मध्ये स्वखर्चाने पाककृतींचे पुस्तक छापले, ते मध्यमवर्गीय घरांतून पसरत गेले आणि ‘इटालियन जेवण’ नावाची एक कल्पना स्वयंपाकघरांत रुजू लागली. ग्रीसची कथा याहून बोलकी आहे. निकोलाओस त्सेलेमेन्तेस या आचाऱ्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धात ग्रीक स्वयंपाक ‘शुद्ध’ करण्याचा घाट घातला. मसाले कमी केले, पूर्वेकडचा म्हणून जो जो वास येत होता तो पुसला आणि फ्रेंच पद्धतीचा बेशामेल सॉस आणला. आज जगभर ‘अस्सल ग्रीक’ म्हणून मिळणाऱ्या मुसाका या वांगी-खिम्याच्या पदार्थावरील तो पांढरा जाड थर त्याच्या या खटाटोपाचे फळ आहे. हा त्सेलेमेन्तेस स्वतः सिफनोस या छोट्या बेटावरचा, हे जाता जाता नोंदवून ठेवावेसे वाटते. तुर्कस्तानला इस्तंबूलच्या राजवाड्यातील मुदपाकखान्याचा वारसा आयता मिळाला. म्हणजे प्रत्येक ठिकाणी कुठेतरी एक दरबार होता, एक राजधानी होती किंवा सगळ्या घरांत पोहोचलेले एक पुस्तक होते.

सायप्रसला यातले फारसे काही लाभले नाही. 1192 ते 1489 या काळात लुझिन्यां या फ्रेंच घराण्याचे राज्य होते; तेवढाच काय तो बेटावरचा दरबार. त्यानंतर 1571 पर्यंत व्हेनिस, 1878 पर्यंत ऑटोमन आणि 1960 पर्यंत ब्रिटिश, अशी सत्ता दुसऱ्या कुठल्या तरी शहरातून चालली. जिथे कर गोळा होतो पण दरबार भरत नाही, तिथे स्वयंपाक खेड्यात वाढतो. त्याला छापील पुस्तक उशिरा मिळते आणि त्याची नावे गावागणिक बदलतात. अशा स्वयंपाकाला राष्ट्रीय स्वयंपाकांच्या रांगेत उभे करून ‘यात भव्यता नाही’ म्हणणे म्हणजे ओवीत यमकांची गर्दी नाही म्हणून तिला आर्येच्या शेजारी बसवून गुण कापण्यासारखे आहे.

या रांगेत उभे राहण्याचा हक्कसुद्धा योगायोगाचा आहे. सिसिलीची लोकसंख्या जवळपास 48 लाख आहे. तिथे अरबांनी राज्य केले, नॉर्मनांनी केले, आणि त्रापानीत आजही माशांच्या रश्श्याबरोबर कुसकुस खातात. पण सिसिली हा इटलीचा प्रांत असल्यामुळे तिच्या कन्नोली या मिठाईचे श्रेय इटलीच्या खात्यात जमा होते. पाच लाखांहून थोडी अधिक वस्ती असलेले माल्टा मात्र स्वतंत्र देश आहे, म्हणून 2020 मध्ये तिथल्या फ्तिरा या चपट्या पावाची कला युनेस्कोच्या यादीत माल्टाच्या नावाने गेली. क्रीटचे उदाहरण तर याहून विचित्र. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 1958 मध्ये सुरू केलेल्या सात देशांच्या अभ्यासात ग्रीसकडून निवडलेले दोन्ही प्रदेश, क्रीट आणि कॉर्फू, ही बेटे होती. त्या खेडूतांच्या ताटावरून पुढे ‘भूमध्यसागरी आहार’ ही जागतिक कल्पना उभी राहिली, आणि आता प्रत्येक किनारा ती आपली म्हणून मिरवतो. सायप्रस त्या अभ्यासात नव्हताच. 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत त्या आहाराच्या वारसदारांमध्ये सायप्रसचे नाव आले. बेटाचे खाणे राष्ट्राच्या किंवा समुद्राच्या नावावर चढवायचे आणि नंतर त्याच राष्ट्राशी तुलना करून बेटाला कमी लेखायचे, असा हा उफराटा हिशेब आहे.

आता ताटाकडेच पाहू. निकोसियाहून अथेन्स सुमारे 900 किलोमीटर दूर आहे; बैरूत त्याच्या पाव अंतरावर आहे आणि सीरियाचा किनारा त्याहूनही जवळ. नकाशा एवढा स्पष्ट सांगत असताना सायप्रसच्या स्वयंपाकात ग्रीस आणि तुर्कस्तान एवढेच शोधत बसणे हा राजकारणाने डोळ्यांवर बांधलेला झापडबंद आहे. मसूर, भात आणि तळलेला कांदा यांचा साधा पदार्थ ग्रीक सायप्रियट घरांत मुजेंद्रा या नावाने होतो. हे नाव थेट अरबी मुजद्दराचे. अथेन्समध्ये मसूर-भाताला वेगळे नाव आहे. बुलगुरच्या, म्हणजे उकडून भरडलेल्या गव्हाच्या, पारीत खिमा भरून तळलेल्या कुपेस पाहिल्या की लेबनॉनचा माणूस ‘हे तर आमचे किब्बे’ म्हणेल, आणि ते खरेही असेल.

दुसरी खूण धन्यांची. ग्रीक स्वयंपाकात धने-कोथिंबिरीला फारसे स्थान नाही. सायप्रसमध्ये मात्र हिरवी ऑलिव्ह दगडाने ठेचून त्यात लसूण, लिंबू आणि जाडसर कुटलेले धने घालतात. डुकराचे मांस लाल वाइनमध्ये मुरवून, वरून भरपूर धने कुटून केलेला अफेलिया हा पदार्थ तर धन्यांशिवाय उभाच राहत नाही. हे धने भाजून पूड केलेले नसतात. दाणा फुटावा पण पीठ होऊ नये, इतपतच ते खलबत्त्यात ठेचतात, त्यामुळे खाताना मध्येच दाताखाली तो सुवास फुटतो. धन्याचा असा उपयोग आपल्याकडे क्वचितच होतो. आपण त्याला मसाल्यात हरवून टाकतो. अफेलिया ग्रीक नाही, आणि डुकराचे मांस व वाइन असल्यामुळे तो तुर्की असण्याचा प्रश्नच येत नाही. दोन संस्कृतींच्या बेरजेतून तो येत नाही, म्हणजे ती बेरीजच अपुरी आहे.

तुर्की सायप्रियट घरांची साक्ष याहून महत्त्वाची वाटते. त्यांच्याकडे मोलेहिया हा मानाचा पदार्थ. ज्यूटच्या कुळातील एका झाडाची पाने वाळवून ठेवतात आणि ती कोंबडी किंवा मटणाबरोबर टोमॅटो-लिंबू घालून शिजवतात. इजिप्तमध्ये हाच पाला ताजा, बारीक चिरून, मुद्दाम बुळबुळीत करतात. सायप्रसमध्ये अख्खी वाळकी पाने वापरतात आणि बुळबुळीतपणा टाळण्याकडे कल असतो. कोलोकासी न धुणारा हात आणि मोलेहिया वाळवणारा हात एकाच बेटाचे आहेत हे यावरून दिसावे. तुर्कस्तानातील बहुसंख्य लोकांच्या पानात मोलेहिया नसते. म्हणजे ज्या समाजाला आपण सवयीने ‘तुर्की’ म्हणून खाते लावतो, त्याचा जिवाभावाचा पदार्थ तुर्कस्तानाला परका आहे.

रोजच्या जेवणाबद्दल प्रवासवर्णने फारशी बोलत नाहीत, म्हणून दोन ओळी. लूव्ही म्हणजे आपली चवळी. ती उकडून, त्यात दुधीच्या जातीची भाजी किंवा हिरवा पाला शिजवून, वरून कच्चे ऑलिव्ह तेल आणि लिंबू पिळले की जेवण तयार. आणि त्रहाना म्हणजे आंबवलेल्या दुधात भरडलेला गहू शिजवून, त्याच्या कांड्या करून उन्हात घातलेले वाळवण. कुरडया आणि सांडग्यांवर वाढलेल्या माणसाला उन्हाळ्यातल्या त्या गच्च्यांचे वर्णन करून सांगायला नको. हिवाळ्यात त्या कांड्या भिजवून आंबटसर दाट सूप होते. त्रहानासारखे वाळवण तुर्कस्तानातही आहे आणि ग्रीसमध्येही. सायप्रसचे वेगळेपण त्या सुपात शेवटी पडणाऱ्या चीजच्या चौकोनी तुकड्यांत आहे.

हे चीज म्हणजे हलूमी. सोळाव्या शतकात, व्हेनिसच्या अमलात, त्याचा उल्लेख सापडतो. मी पहिल्यांदा हलूमीचे पाकीट आणले तेव्हा ‘पनीरासारखे दिसते’ एवढ्या भांडवलावर त्याचे तुकडे थेट पालकाच्या ग्रेव्हीत टाकले होते. ती भाजी कोणालाही खाता येण्याजोगी उरली नाही, इतकी खारट झाली. चूक माझ्या तुलनेची होती. पनीर दूध नासवून होते. त्यातील आंबटपणाच त्याला वितळू देत नाही. हलूमीचे दूध रेनेट या विकराने विरजते आणि त्याचा साका दाबून घट्ट झाला की त्याच्या वड्या स्वतःच्याच निवळीत 90 अंशांहून अधिक उष्णतेवर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ उकळतात. त्याआधी त्या निवळीतून अनारी नावाचे मऊ चीज काढून घेतलेले असते, म्हणजे काही वाया जात नाही. उकळून निघालेली गरम वडी मीठ आणि वाळक्या पुदिन्यात घोळवून मधोमध दुमडतात. ती घडी हाच हलूमीचा शिक्का. ही वडी तव्यावर टाकली तर पसरत नाही, वरून खरपूस होते आणि खाताना दातांना चिकटत कुरकुरते. तिच्याजोगती दुसरी वडी फ्रान्सच्या शेकडो चीजमध्ये मला तरी माहीत नाही. उष्ण, कोरड्या बेटावर, बर्फाशिवाय, वसंतातले शेळ्या-मेंढ्यांचे दूध वर्षभर टिकवायचे होते. त्या अडचणीचे हे उत्तर आहे. पारख करायची तर अशा उत्तरांची करावी.

प्रतिवाद मला ठाऊक आहे आणि तो पोकळ नाही. सायप्रसच्या स्वयंपाकाचा पैस लहान आहे. इटलीच्या एका एमिलिया प्रांतात पास्त्याचे जितके घाट आहेत तितके मुख्य पदार्थही इथे नसतील. द्राक्षाच्या पानांत भात-खिमा भरायची पद्धत, बकलावा, कोळशावरचे मांस ही पूर्व भूमध्य प्रदेशाची सामाईक मिळकत आहे; त्यावर सायप्रसने एकट्याने हक्क सांगू नये. बेट असूनही मासळीचे वैविध्य कमी आहे, कारण पूर्व भूमध्य समुद्राचे पाणी पोषक द्रव्यांच्या बाबतीत अत्यंत गरीब आहे. ‘चहूबाजूंनी समुद्र, म्हणजे मासळीची चैन’ ही आपली कोकणी अपेक्षा तिथे चालत नाही. पर्यटकांपुढे पंचवीस-तीस बश्यांचे जे मेझे मांडतात त्याने घरच्या चवळीची ओळख पुसली आणि अर्धे अन्न टाकून देण्याची सवय लावली, असे माझे मत आहे. आणि स्थलांतर करणारे चिमुकले पक्षी पकडून लोणच्यासारखे मुरवायची अम्पेलोपुलिया ही जुनी चैन 1974 पासून बेकायदा असूनही चोरून चालते. परंपरा म्हणून तिचे समर्थन करणाऱ्यांच्या बाजूला मी उभा राहणार नाही.

पण हे सगळे मान्य करूनही फूटपट्टी चुकीचीच राहते, कारण ती लहानपणाला नक्कल समजते. लंडनमधील गेल्या शतकातील कित्येक ‘ग्रीक’ खाणावळी प्रत्यक्षात सायप्रसमधून गेलेल्या माणसांनी चालवल्या. ब्रिटिश गिऱ्हाइकाने ग्रीक म्हणून जे खाल्ले त्यातले बरेच सायप्रियट होते. पाटीवर बेटाचे नाव लिहून गिऱ्हाईक मिळत नव्हते, म्हणून ते मोठ्या राष्ट्राच्या नावाखाली विकले गेले, आणि पुढच्या पिढीने निष्कर्ष काढला की सायप्रसचे जेवण ग्रीसवरून उचललेले आहे.

नावांचे हे राजकारण कॉफीच्या पेल्यात सर्वांत स्वच्छ दिसते. बेटाची 1974 मध्ये फाळणी झाली, दक्षिणेकडे ग्रीक भाषक आणि उत्तरेकडे तुर्की भाषक अशी, आणि ग्रीक भाषक लोकांनी तोवर तुर्की कॉफी म्हटल्या जाणाऱ्या पेयाला ग्रीक किंवा सायप्रियट कॉफी म्हणायला सुरुवात केली. निकोसियातील लेड्रा रस्त्यावरचा नाका 2008 मध्ये उघडला. त्या रस्त्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेले तर भांडे तेच, पूड तीच, वरचा फेसही तोच. फक्त साखरेचे प्रमाण सांगायचे शब्द बदलतात. इकडे स्केतो, मेत्रिओ, ग्लिको. तिकडे सादे, ओर्ता, शेकेरली. ‘सादे’ आणि ‘शेकेरली’ ऐकताना मराठी कानाला भाषांतर लागत नाही, ही फारसीची कृपा.

म्हणूनच हलूमीच्या नोंदणीचा प्रश्न मला कुठल्याही सर्वोत्तम स्वयंपाकांच्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो. आपल्याकडील भौगोलिक मानांकनासारखे, पण त्याहून कडक असे युरोपीय संघाचे मूळस्थान-संरक्षण मिळावे म्हणून 2014 मध्ये अर्ज झाला, 2015 मध्ये दोन्ही समाजांच्या नेत्यांत समजूत झाली आणि 2021 मध्ये ‘हलूमी’ व त्याचेच तुर्की नाव ‘हेलीम’ अशा दोन्ही नावांनी, संपूर्ण बेटासाठी, नोंदणी झाली. यामधल्या काळात, 2018 मध्ये, मुदतीत उत्तर न गेल्यामुळे सायप्रसने ब्रिटनमधला हलूमीचा व्यापारचिन्ह-हक्क गमावला, आणि ब्रिटन तर हलूमीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. राष्ट्राच्या नावाने पदार्थ राखायला निघालेले राष्ट्र कागदपत्रांत असे झोपी जाऊ शकते.

नोंदणीतील खरी लढाई दुधाची आहे. शेळ्या-मेंढ्या वसंतात भरपूर दूध देतात आणि उन्हाळ्यात आटतात. निर्यातीला मात्र बारमाही माल हवा असतो, म्हणून गेल्या काही दशकांत गाईच्या दुधाचे प्रमाण वाढत गेले. नव्या नियमांनुसार संक्रमणकाळ संपल्यावर, 2029 पर्यंत, निम्म्याहून अधिक दूध शेळ्या-मेंढ्यांचे असावे लागणार आहे. कारखानदारांना ही अट जाचक वाटते. माझा कौल अटीच्या बाजूने आहे, मग निर्यात घटली तरी हरकत नाही. कारण बारमाही गाईच्या दुधाची पांढरी वडी जगात कुठेही करता येते, आणि तसे झाले तर बेटाच्या नावाला चिकटण्याजोगे त्यात काही उरत नाही. उत्तरेकडील उत्पादकांपुढे पशुआरोग्य आणि अन्नसुरक्षेच्या युरोपीय अटी पुऱ्या करण्याचा वेगळा डोंगर आहे, आणि तो चढायला त्यांना पैसा व तपासनीस पुरवणे हे युरोपीय संघाचे काम आहे. दोन नावे एका कागदावर लिहून ते संपत नाही.

स्वयंपाकघरांत दोन्ही बाजू जोडण्याचे काम कधीच झालेले आहे. ईस्टरच्या आदल्या दिवसांत ग्रीक सायप्रियट घरांत फ्लाउना भाजतात: चीज, अंडी, पुदिना आणि कुठे कुठे मनुका घालून केलेले सारण, त्यावर चहूबाजूंनी दुमडलेली पारी आणि बाहेरून तीळ. फाळणीच्या रेषेच्या पलीकडे, तुर्की सायप्रियट घरांत, ईस्टर नसतो. तिथे याच पदार्थाला पिलावुना म्हणतात आणि तो वर्षात केव्हाही करतात.